व्याख्येच्या कलमात बाबा बसतात का?

प्रश्न : मी पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे बाबा कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर, चौदा वर्षे काम करत आहेत; मात्र ते केंद्राचे नव्हे, ठेकेदाराचे कामगार आहेत. त्यांचे वय ५१ आहे. पर्यावरण, रोजगार आणि आर्थिक न्याय यांची सांगड घालणाऱ्या राष्ट्रीय धोरणाचा मसुदा सरकारने हरकती व सूचनांसाठी जाहीर केला आहे. जुनी वीजकेंद्रे टप्प्याटप्प्याने बंद होतील आणि ‘बाधित कामगारांना हरित रोजगारात प्राधान्य’ मिळेल, असे त्यात म्हटले आहे. आमच्या महाविद्यालयातून मसुद्याला पाठिंबा देणारे निवेदन गेले, त्यावर मी सही केली. बाबांना ते कळले तेव्हा ते रागावले नाहीत. जेवण झाल्यावर एवढेच म्हणाले, “धुराची काळजी करणाऱ्यांचा पगार धुरावर चालत नाही.” त्यानंतर त्यांनी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेले आपले जुने गेटपास काढून पाहिले आणि डबा परत ठेवून दिला. तेव्हापासून घरात हा विषय कोणी काढत नाही. मी सही मागे घ्यावी का? आणि असे धोरण विश्वास ठेवण्यासारखे असते, की बाबा म्हणतात तेच खरे?
— एक वाचक

उत्तर :

सही मागे घेऊ नका. मात्र नुसत्या सहीवर तुमचे काम संपत नाही, आणि तुमच्या वडिलांच्या बोलण्याला उत्तर द्यायचे असेल तर ते बोलणे प्रथम पुरते ऐकून घ्यावे लागेल. ते धुराच्या बाजूने बोलत नाहीत. चौदा वर्षे कोळशाची भुकटी छातीत भरून घेणाऱ्या माणसाला प्रदूषण म्हणजे काय हे शिकवण्याची गरज नसते. निर्णयाची किंमत एका घराने मोजायची आणि त्याचे समाधान दुसऱ्या घराला मिळायचे, या व्यवहाराकडे ते बोट दाखवत आहेत. हा व्यवहार याआधी घडलेला आहे, त्यामुळे त्यांच्या शंकेला इतिहासाचा आधार आहे.

ब्रिटनमध्ये १९८४ च्या मार्चपासून जवळजवळ वर्षभर खाणकामगारांचा संप चालला आणि तो मोडून पडला. संपाच्या सुरुवातीला तेथे सुमारे १७० खाणी होत्या. १९९४ मध्ये उद्योगाचे खासगीकरण झाले तोवर जेमतेम पंधरा-वीस चालू राहिल्या होत्या. त्या खाणी पर्यावरणासाठी बंद झाल्या नाहीत, तोट्याचे कारण देऊन बंद झाल्या. पण कामगाराच्या दृष्टीने कारणाने काय फरक पडतो? भरपाईची रक्कम हाती पडली, ती संपली, आणि गावात दुसरे काम आलेले नव्हते. पुढे अनेक माजी खाणकामगारांची नोंद बेरोजगार म्हणून न होता आजारपणाच्या भत्त्यावर असलेले म्हणून झाली, त्यामुळे बेकारीच्या आकड्यात ते दिसेनासे झाले. तुमच्या वडिलांना ब्रिटनचा हा तपशील कदाचित ठाऊक नसेल, तरी त्यांना नेमकी याच गोष्टीची भीती वाटते आहे : आपण आकड्यातूनही नाहीसे होऊ.

जर्मनीतील रूरच्या परिसरात हेच काम वेगळ्या क्रमाने झाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीच्या दगडी कोळशाच्या खाणींत सुमारे सहा लाख लोक काम करत होते. आयातीचा स्वस्त कोळसा आणि तेल यांपुढे त्या टिकणार नाहीत हे स्पष्ट झाल्यावर १९६८ मध्ये बहुतेक खाणी एका मोठ्या कंपनीखाली आणल्या गेल्या, वयाने पुढे गेलेल्यांना निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत पुरेल असा भत्ता मिळाला, तरुणांना एका खाणीतून दुसऱ्या खाणीत किंवा दुसऱ्या व्यवसायात हलवले गेले, आणि त्याच परिसरातील बोखुमच्या नव्या विद्यापीठात १९६५ मध्येच अध्यापन सुरू झालेले होते. खाणकाम पूर्ण थांबवण्याचा निर्णय २००७ मध्ये झाला आणि प्रत्यक्ष शेवट २१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रोपच्या खाणीत झाला. मधली अकरा वर्षे माणसांची सोय लावण्यासाठी होती. त्या दिवशी काळवंडलेल्या चेहऱ्यांचे खाणकामगार वर आले आणि त्यांनी कोळशाचा शेवटचा तुकडा देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला. मला त्या समारंभाचे फार कौतुक वाटते असे नाही, कारण रूरमध्ये आजही बेकारी जर्मनीच्या सरासरीहून अधिक आहे आणि एवढा पैसा व एवढा वेळ प्रत्येक देशाकडे असतोच असेही नाही. हवामानाच्या दृष्टीने पाहिले तर पन्नास वर्षे हा चैनीचा अवधी आहे. तरीही सोय आधी आणि टाळे नंतर, हा क्रम कागदावरून प्रत्यक्षात येऊ शकतो, एवढे तेथे सिद्ध झाले.

मसुद्यातील ज्या कल्पनेवर तुमच्या वडिलांचा विश्वास नाही, ती ‘न्याय्य संक्रमणा’ची, म्हणजे उद्योग बंद करताना त्यातील कामगारांची सोय लावण्याची कल्पना त्यांच्यासारख्याच माणसांनी मांडली आहे, हे त्यांना आवर्जून सांगा, फक्त सांगताना हा जडशीळ शब्द वापरू नका. अमेरिकेतील तेल, रसायन व अणुऊर्जा क्षेत्रातील कामगारांच्या संघटनेचे नेते टोनी माझ्झोची यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक साधा मुद्दा लावून धरला. विषारी कचऱ्याने दूषित झालेली जमीन स्वच्छ करण्यासाठी १९८० पासून ‘सुपरफंड’ नावाचा स्वतंत्र निधी होता. मग तो विषारी कारखाना बंद झाल्यावर ज्यांची रोजी जाते त्या माणसांसाठी असा निधी का नसावा, असे ते विचारत. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारने शिक्षण आणि निर्वाह यांसाठी मदत केली होती, हे उदाहरण त्यांच्यासमोर होते. ते स्वतःही त्या युद्धात लढले होते. मातीला निधी आणि माणसाला नाही, ही विसंगती कामगार संघटनांनी पुढे आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर नेली. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने त्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि त्याच वर्षीच्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत कामगारांच्या न्याय्य संक्रमणाचा उल्लेख आला. उल्लेख प्रस्तावनेत आला, बंधनकारक कलमात नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती कामी येईल.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. असे धोरण विश्वासार्ह असते का, याचे सरसकट उत्तर नाही, कारण ‘धोरण’ या एकाच शब्दाखाली अगदी भिन्न वजनाचे कागद येतात. ‘ग्रीन न्यू डील’ हे नाव तुम्ही अभ्यासात वाचले असेलच. ७ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकी काँग्रेसमध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ आणि एड मार्की यांनी जो ठराव मांडला, त्यात दहा वर्षांची राष्ट्रीय मोहीम, स्वच्छ ऊर्जा, आणि कुटुंब चालेल इतक्या वेतनाच्या नोकरीची हमी असे सर्व काही होते. तो ठराव होता, कायदा नव्हता. त्यात एका डॉलरचीही तरतूद नव्हती. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सिनेटमध्ये तो पुढे नेण्याच्या प्रस्तावाच्या बाजूने एकही मत पडले नाही, विरोधात ५७ पडली आणि ४३ सदस्यांनी केवळ उपस्थिती नोंदवली. म्हणून तो निरुपयोगी ठरला, असे मात्र मी म्हणणार नाही. पर्यावरण आणि रोजी हे दोन विषय एकाच वाक्यात बोलण्याची सवय त्याने राजकारणाला लावली. पण त्या ठरावाच्या भरवशावर कोणी घराचा हप्ता ठरवला नसता.

ज्या जुन्या ‘न्यू डील’ कार्यक्रमावरून ते नाव घेतले गेले, त्याची गोष्ट याच्या उलट आहे. मंदीच्या काळात, १९३३ मध्ये, अमेरिकेत त्याचाच भाग म्हणून ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ सुरू झाले. बेकार अविवाहित तरुणांना छावण्यांत राहून वनीकरण, धूप रोखण्याचे बांध, उद्यानांतील रस्ते अशी कामे दिली जात. महिन्याला ३० डॉलर वेतन, त्यांतील साधारण २५ डॉलर थेट घरी पाठवले जात आणि मुलाच्या हाती पाच उरत. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुणांनी त्यात काम केले आणि तीन अब्जांहून अधिक झाडे लावली. पंचवीस डॉलर आईच्या हाती पोहोचतात, म्हणजे धोरण पोहोचले, ही कसोटी मला आजही सर्वांत भरवशाची वाटते. त्याच कार्यक्रमात कृष्णवर्णीय तरुणांच्या छावण्या वेगळ्या ठेवल्या होत्या आणि स्त्रियांना जवळजवळ प्रवेशच नव्हता, हेही सांगायला हवे. ज्यांचा विचार कागद लिहिताना झाला नाही, ते बाहेर राहिले.

या दोहोंच्या मधला, म्हणजे ना नुसता ठराव ना थेट सरकारी नोकरी असा मार्ग अमेरिकेने २०२२ च्या ‘इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट’मध्ये निवडला. सौर किंवा पवनऊर्जेचा मोठा प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीला गुंतवणुकीच्या ६ टक्के करसवलत. पण तिने त्या भागातील प्रचलित वेतन दिले आणि ठरलेल्या प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेतले, तर तीच सवलत ३० टक्के. प्रकल्प कोळसा बंद झालेल्या भागात उभारला तर त्यावर आणखी भर. कामगाराचे हित येथे भाषणात नाही, हिशेबात आहे, आणि कंपनीचा लेखापालच त्याचा पाठपुरावा करतो. या रचनेचे मला कौतुक आहे. पण सरकार बदलल्यावर २०२५ च्या जुलैमध्ये झालेल्या कायद्याने त्यांतील बऱ्याच सवलती आखडत्या घेतल्या, हेही खरे. वीजकेंद्राला टाळे लागते ते कायमचे आणि सवलत मिळते ती पुढच्या निवडणुकीपर्यंत, असे घडू शकते. म्हणून कामगारांचे संरक्षण अर्थसंकल्पाच्या दरसालच्या मर्जीवर न ठेवता स्वतंत्र निधीत आधीच जमा केलेले असावे, अशी मागणी करण्यात अवाजवी काही नाही.

एवढे सांगून झाल्यावर तुमच्या मसुद्याचे पहिले पान सोडून द्या आणि व्याख्यांचे कलम उघडा. ‘बाधित कामगार’ म्हणजे कोण, हे तेथे लिहिलेले असेल. केंद्राच्या पटावरील कायम कर्मचारी, एवढाच त्याचा अर्थ असेल, तर तुमचे वडील त्या धोरणाच्या दृष्टीने बाधित नाहीत आणि कामगारही नाहीत. कायम कर्मचाऱ्याची बदली होते, त्याच्यासाठी संघटना बोलते, त्याचे सेवापुस्तक असते. ठेकेदाराच्या माणसाकडे गेटपास असतो, आणि तो दर ठेक्यागणिक नव्याने निघत असल्यामुळे चौदा वर्षांची नोकरी कागदावर पाच-सहा लहान लहान नोकऱ्यांसारखी दिसते. तुमच्या वडिलांनी त्या रात्री तो डबा का उघडला असावा, याचा मी बराच विचार केला. बहुधा ते आपल्याकडे पुरावा काय आहे हे पाहत होते.

दक्षिण आफ्रिकेतील कोमाटी या वीजकेंद्राचे उदाहरण येथे जवळचे आहे. त्याचा अखेरचा संच ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाला. ते जुने झाले होते आणि बंद होणार हे आधीपासून ठाऊक होते. देशाला कोळशातून बाहेर पडण्यासाठी श्रीमंत राष्ट्रांनी २०२१ मध्ये साडेआठ अब्ज डॉलरच्या साहाय्याची घोषणाही केली होती, ज्यातील फार मोठा भाग कर्जाचा होता. तरीही पर्यायी कामांची तयारी केंद्र बंद होण्याच्या वेगाने झाली नाही. कायम कर्मचाऱ्यांना दुसऱ्या केंद्रांत जागा मिळण्याची सोय होती. ठेक्यावरील कामगार आणि केंद्राच्या आधाराने चालणारे लहान व्यवसाय यांच्यासाठी तशी वाट नव्हती. याउलट स्पेनमध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकार, कामगार संघटना आणि खाणमालक यांच्यात जो करार झाला, त्यात वयाची अट आकड्यात लिहिलेली होती : ४८ वर्षे वा त्याहून अधिक वय असलेल्या खाणकामगारांना लवकर निवृत्तीचा लाभ मिळणार होता. इतरांसाठी भरपाई, प्रशिक्षण आणि त्याच खाणींची जमीन पूर्ववत करण्याची कामे होती. एकूण तरतूद सुमारे २५ कोटी युरोंची होती. युरोपीय संघाच्या नियमामुळे सरकारी मदतीवर तगलेल्या खाणी त्या वर्षअखेर बंद होणारच होत्या, आणि करार त्याआधी झाला. सुमारे दहा आठवड्यांचेच अंतर, पण योग्य बाजूचे.

वयाच्या या आकड्याकडे विशेष लक्ष द्या, कारण तुमचे वडील ५१ वर्षांचे आहेत. ‘हरित रोजगारात प्राधान्य’ हे आश्वासन पंचविशीतील माणसाला उपयोगी पडते. सौरऊर्जा प्रकल्पावर माणसे लागतात ती प्रामुख्याने उभारणीच्या काळात. पॅनेल बसवून झाले की देखभालीला थोडीच पुरतात. शिवाय ऊन आणि वारा जेथे अधिक तेथे प्रकल्प जातो, कोळसा जेथे होता तेथे नाही. पन्नाशीतल्या माणसाने घर सोडून दूरच्या माळावर काही महिन्यांच्या ठेक्यासाठी जावे, याला प्राधान्य म्हणणे मला पटत नाही. त्याच्यासाठी खरी कामे जागेवरच असतात : बंद केंद्राची यंत्रसामग्री सुरक्षितपणे उतरवणे, राखेच्या तलावांचा बंदोबस्त आणि त्यांवर माती व झाडोरा, वीजवाहिन्यांशी असलेल्या जुन्या जोडणीचा उपयोग करून उभी राहणारी विजेच्या साठवणुकीची व्यवस्था. पट्टा कोठे अडतो, कोणत्या खांबाखाली जमीन खचली आहे, कोणत्या बाजूची राख वाऱ्यावर उडते, हे ज्याला पाठ आहे त्याचा अनुभव या कामांत मोलाचा ठरतो. मसुद्यात ही कामे कोणाला मिळणार हे लिहिले आहे का, की तीही नव्या ठेकेदाराच्या नव्या माणसांना जाणार, हे पाहा.

आर्थिक न्यायाची दुसरी बाजू, म्हणजे या सगळ्याचा खर्च कोण उचलणार, तिच्याविषयी थोडक्यात लिहितो. फ्रान्समध्ये इंधनावरील वाढता कर पर्यावरणासाठी आहे असे सांगितले गेले. पण त्याच सुमारास श्रीमंतांवरील संपत्तीकर जवळजवळ रद्द झाला होता, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जाकिटे घालून लोक रस्त्यावर आले. डिसेंबरमध्ये सरकारला नियोजित करवाढ सोडून द्यावी लागली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये कार्बनकर लावताना सुरुवातीला त्याचे उत्पन्न इतर करांतील कपात आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना परतफेड यांत वळवले, आणि तो कर दीर्घकाळ टिकला. तुमच्या मसुद्यात निधीचा उगम लिहिलेला नसेल, तर तो तुमच्याच वीजबिलातून येईल असे धरून चाला.

आता घराविषयी. वडिलांना मसुदा समजावून सांगायला बसू नका. त्यांना तो वाचून दाखवा आणि त्यांचे ऐका. “बाबा, यात कामगाराची व्याख्या अशी लिहिली आहे, तुमच्या ठेक्यावरचे कोण कोण यात बसतात?” एवढ्या प्रश्नाने सुरुवात करा. त्यांना बहुधा सह्यांच्या चळवळीपेक्षा या प्रश्नात अधिक रस वाटेल, आणि जी माहिती ते देतील ती मसुदा लिहिणाऱ्या समितीकडे नसण्याचीच शक्यता अधिक. सही का केली, याचे स्पष्टीकरण त्यांनी विचारले तरच द्या, आणि तेव्हा ते सरळ द्या : केंद्र बंद व्हावे असे मला वाटते, आणि ते तुम्हाला वाऱ्यावर सोडून बंद होऊ नये असेही वाटते. ही दोन वाक्ये एकमेकांच्या विरोधात नाहीत. ती ऐकूनही ते गप्प राहिले तर राहू द्या.

त्यानंतर दोघांनी मिळून एक हरकत लिहा, निवेदनापासून स्वतंत्र, तुमच्या दोघांच्या सहीने. ती लांब नसावी. व्याख्येत ‘गेल्या काही वर्षांत कोणत्याही ठेकेदारामार्फत केंद्राच्या आवारात ठरावीक दिवस काम केलेली प्रत्येक व्यक्ती’ असा बदल सुचवा. ठेकेदार बदलला तरी सेवा सलग धरावी असे लिहा. पुराव्यासाठी गेटपास, हजेरीपट, वेतनचिठ्ठी किंवा वैद्यकीय तपासणीची नोंद, यांतील कोणताही एक कागद पुरेसा मानावा अशी मागणी करा. आणि पन्नाशीपुढील कामगारांसाठी निवृत्तीपर्यंतच्या भत्त्याची तरतूद केंद्र बंद होण्याच्या तारखेपूर्वी निधीत जमा झालेली असावी, हे वेगळ्या परिच्छेदात मांडा. ‘प्राधान्य दिले जाईल’ याऐवजी ‘देणे बंधनकारक राहील’ असा शब्दबदलही सुचवा. पॅरिस कराराच्या प्रस्तावनेविषयी वर जे लिहिले ते यासाठीच. महाविद्यालयातील तुमच्या सहकाऱ्यांनी निवेदनाला ही पुरवणी जोडली तर उत्तम, आणि ‘मुख्य मुद्दा भरकटतो’ असे म्हणून त्यांनी ती नाकारली, तर त्यांचा मुख्य मुद्दा कोणता हे तुम्हाला कळेल.

हरकती स्वीकारण्याची अंतिम तारीख मसुद्यावर छापलेली असेल, ती तपासा. आणि तो पत्र्याचा डबा वडिलांच्या परवानगीने उघडून प्रत्येक गेटपासच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून ठेवा, सर्वांत जुन्यापासून. चौदा वर्षांपूर्वीच्या पासवरची शाई आतापर्यंत बरीच फिकट झाली असेल.